निळ्याचा नमुना

आधीच सांगून ठेवते, माझी जीभ तिखट आहे. रंगाच्या वाफेत बावीस वर्षं उभी राहिलेली बाई गोड बोलेल अशी आशा कुणी करूही नये.

मी कापड रंगवते, धाकटी बहीण काच कापते. दिव्यांच्या टोप्या, खिडकीचे पडदे, खोलीत मधोमध उभे करायचे आडोसे, आमच्या सगळ्या कामाची खुबी एकच: वर रंगीत काच, खाली रंगवलेलं कापड आणि दोन्हींचा निळा इतका एक, की काच कुठे संपली ते बोट लावल्याशिवाय कळू नये. त्यासाठी आमचा एक नमुना होता. पहिल्या दिव्यातून उरलेला काचेचा तुकडा आणि त्याच दिव्याच्या कापडाची चिंधी, दोऱ्याने एकत्र बांधलेली. गाठ धाकटीने मारली होती. ऊन लागू नये म्हणून तो काळ्या कागदात गुंडाळून खणात ठेवायचा आणि रंगवलेलं कापड वाळलं की त्याच्याशेजारी धरून बघायचं. जुळलं तर पुढे, नाही तर पुन्हा पातेल्यात.

दोन वर्षांपूर्वी एक दिवस नमुना काढला, तर मला तो हिरवट, मळका दिसला.

"विटला की गं हा," मी म्हटलं.

धाकटी तो खिडकीपाशी घेऊन गेली. "ताई, काळ्या कागदातलं कापड कसं विटेल? बरं, विटलं असं धर. काच कशी विटेल? दोन्ही अजून एकमेकांशी जुळतायत, बघ ना."

काचही मला हिरवटच दिसत होती. शहाण्या माणसाने तिथे गप्प बसावं. मी म्हटलं, "मग काच बदललेली असणार कुणीतरी." वर्कशॉपमध्ये आम्ही दोघीच. कुणीतरी म्हणजे कोण, हे काय तिला कळलं नसेल? नमुना मी चिंध्यांच्या पोत्यात भिरकावला आणि माझ्या नजरेला पटेल त्या निळ्यावर कापड रंगवायला लागले. दर पातेल्याला चमचाभर रंग जास्तच लागायचा. मला वाटायचं, रंगवाला भेसळ करतोय.

"एकदा डोळे दाखवून ये ना, ताई," ती म्हणाली होती. मी म्हटलं, "डोळे माझे ठणठणीत आहेत, तू तुझे हात सांभाळ." चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवत होते ना मी! मिजास होती त्याची.

मग दातांच्या एका डॉक्टरीणबाईंनी बसायच्या खोलीसाठी सहा आडोसे सांगितले. पहिला तयार झाला तेव्हा त्या बघायला आल्या, मान वाकडी करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वरचं आणि खालचं जुळत नाहीये का हो?"

बावीस वर्षांत हे वाक्य आम्हाला कुणी ऐकवलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. "हिला विचारा," मी म्हटलं. "चांगली काच परस्पर दुसऱ्या कामांना वापरते आणि माझ्या कापडाला हा हिरवट माल चिकटवते. मागे नमुनासुद्धा बदलला होता हिने."

धाकटीच्या हातात काचेच्या सांध्यांना डाग द्यायची गरम कांडी होती. तिने ती शांतपणे खाली ठेवली. "ताई, रागात बोलून गेलीस एवढं म्हण. मी विसरून जाईन."

म्हणायला काय जात होतं माझं? पण नाही. "चोराच्या उलट्या बोंबा," मी म्हटलं, तेही त्या परक्या बाईसमोर. धाकटीने काच कापायचं चाक पदराला पुसलं, पिशवीत टाकलं आणि गेली. डॉक्टरीणबाईही गेल्या. आडोसा भिंतीला टेकून राहिला.

आठ महिन्यांनी लेकीने मला ओढत डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, कारण मी एकाच साडीला दोन वेगळ्या निळ्यांचे काठ लावले होते. मोतीबिंदू निघाला. "पिवळी काच लावून बघावं तसं दिसत असणार तुम्हाला, किती वर्षं कोण जाणे," डॉक्टर म्हणाले. आधी एकाच, उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

पट्टी निघाल्यावर वर्कशॉपमध्ये गेले आणि आडोशासमोर उभी राहिले. उजवा डोळा मिटला, तर माझं कापड छान. मग डावा मिटला. कापड जांभळं, भडक, शाईची दौत सांडल्यासारखं. आणि वरची काच आमच्या पहिल्या दिव्याची, तीच, तंतोतंत. नमुना नसताना तिने ती नुसत्या आठवणीवर निवडली होती. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण मी तर अंगणालाच चोर ठरवलं होतं!

चिंध्यांचं पोतं उपसून नमुना शोधला आणि तशीच जिना चढून तिच्या घरी गेले. ती खिडकीपाशी काच कापत बसली होती. नुसत्या काचेचे दिवे, कापडाचा पत्ता नाही. मी सगळं सांगितलं. मोतीबिंदू, पिवळं, डॉक्टर काय म्हणाले ते. "चुकलं गं माझं. ये परत," म्हटलं आणि नमुना तिच्यासमोर ठेवला.

तिने पाणी दिलं. मी पिईपर्यंत थांबली.

"बरं झालं ताई, दिसायला लागलं ते," ती म्हणाली. "पण मी चोर नाही, हे कळायला तुला ऑपरेशन करावं लागलं. त्याला डोळे लागत नाहीत. आंधळ्या माणसालाही आपली बहीण कळते."

मी नमुना तिच्याकडे अजून थोडा सरकवला. तिने नमुना उचलला आणि दोऱ्याची गाठ नखाने सोडवायला लागली. घट्ट होती, वेळ लागला. काचेचा तुकडा तिने आपल्या पेटीत ठेवला, चिंधीची घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

"सांभाळून उतर," ती म्हणाली. "अजून एकच डोळा झालाय ना? खालच्या पायरीला कठडा नाही."

मी शेवटच्या पायरीवर पोचले तोवर वर काच कापायचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.