काळी कढई आणि तेलाची चिंधी

मित्रांनो, मी एक जुनी कढई आहे. लोखंडाची, गोल बुडाची, दोन कानांची. सध्या माझा मुक्काम तिसऱ्या मजल्यावरच्या एका गॅलरीत, मोडक्या स्टुलाखाली आहे. जुन्या छत्रीचे, फाटक्या पुस्तकाचे, शाळेतल्या बाकाचे रडगाणे तुम्ही ऐकले असेल. आमची निगा राखली नाही, आम्हाला अडगळीत टाकले, असे ती मंडळी सांगतात. माझे तसे नाही. माझी निगा राखण्यात कोणी कधी कसूर केली नाही. माझी गोष्ट त्या निगेचीच आहे आणि ती ऐकायला गोड नाही.

एका लोहाराने जाड पत्र्यातून मला ठोकून काढले. त्याच्या हातोड्याचे घाव अजून माझ्या पाठीवर आहेत. दुकानात मला चकचकीत स्टीलच्या पातेल्यांशेजारी ठेवले, तेव्हा येणारी-जाणारी गिऱ्हाइके माझ्याकडे पाहून नाक मुरडत. मग एके दिवशी एक बाई आली. तिच्या बोटांची टोके पांढरी पडलेली, भेगाळलेली होती. तिने मला उचलले, टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि दुकानदाराला म्हणाली, "ही द्या. हिला आच सोसेल."

त्या दिवसापासून मी तिची झाले.

बाई कोळंबी सोलण्याच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर उभे राहायचे, बर्फाच्या पाण्यात हात घालायचे, डोके मोडायचे, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा. नवरा आजारपणात गेलेला, पदरात चार वर्षांची लेक. संध्याकाळी साडेसहाला बाई घरात पाऊल टाकी तेव्हा लेक भुकेने कावलेली असे. तास तासभर रांधत बसायला बाईला वेळही नव्हता आणि पायांत जीवही नव्हता. म्हणून माझी नेमणूक झाली.

आमचे काम दहा मिनिटांचे. गाजर, फरसबी, ढोबळी मिरची, कोबी हे सगळे ती सकाळीच उभे, बारीक चिरून ठेवी. आल्यावर आधी मला रिकामीच आचेवर चढवी. माझ्यातून धूर निघू लागला की तेल, तेलावर कोळंबी आणि माकूल मासळीच्या चकत्या. कोळंबी वळून गुलाबी झाली की लगेच ताटलीत बाहेर, कारण क्षणभर जास्त राहिली तर ती चिवट होते. मग ठेचलेला लसूण आणि आले, मग गाजर, मग फरसबी, शेवटी मिरची आणि कोबी. हात थांबवायचा नाही. भाजी शिजू द्यायची नाही, नुसती परतायची. मग कोळंबी पुन्हा आत, वरून मिरी, लिंबू, की झाले. लेक पाटावर बसून ताट वाजवत असे. बाईच्या घरी या पदार्थाला नाव नव्हते. "आज परतलेलं आहे" एवढेच म्हणत, आणि ते बहुतेक रोजच असे.

आता माझ्या निगेविषयी सांगते. बाईने मला कधी साबण लावला नाही. मी गरम असतानाच ती माझ्यात मूठभर मीठ टाकी, फडक्याने खसाखसा पुसे, पाण्याचा एक हात फिरवी आणि मला पुन्हा आचेवर सुकवी. मग ओट्याच्या कोपऱ्यातल्या वाटीतून तेलाची चिंधी उचलून माझ्या अंगावरून एकदा गोल फिरवी. सुक्या लोखंडाला तेल लावले नाही तर गंज धरतो. ती चिंधी लेकीच्या जुन्या निळ्या फ्रॉकची होती. एक पट्टी विटली की बाई त्याच फ्रॉकची दुसरी फाडी, पण जुनीतले तेल नवीत पिळून घेई. त्यात काय काय मुरले होते हे मलाच ठाऊक.

या सेवेने मी अशी काळीभोर, गुळगुळीत झाले की माझ्यात तोंड पाहून घ्यावे. शेजारणी म्हणत, "तुझ्या हाताला चव आहे हो." बाई म्हणे, "हाताला कसली, कढईला आहे." मला किती तोरा चढला असेल तुम्हीच समजा. घरातली पातेली बदलली, कुकरच्या शिट्ट्या बदलल्या, लेकीचे लग्न झाले, बाई कारखान्यातून सुटली. मी मात्र जागची हलले नाही.

लेकीला मुलगी झाली. तिला सगळे बारकी म्हणत. लेकीचे सासर दोन गल्ल्या सोडून होते आणि लेक एका दुकानात काउंटरवर काम करी, त्यामुळे बारकीचा निम्मा दिवस आमच्याकडेच जाई. चार वर्षांची असताना तिने आजीच्या ताटातली एक कोळंबी तोंडात टाकली. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिले म्हणून निभावले. ते म्हणाले, "पुन्हा झालं तर याहून जोरात होईल. कोळंबीचा अंशसुद्धा पोटात जाता कामा नये."

बाईच्या तोंडचे पाणी पळाले. जन्मभर जिच्या जिवावर घर चालले, तीच कोळंबी नातीच्या जिवावर उठली होती. लेकीने बारकीसाठी वेगळी सुरी आणली, वेगळा पाट आणला आणि एक लाल पॅन आणला. हलका, गोंडस, बाहुलीच्या भांड्यांत शोभेल असा. मला त्याचा मनस्वी राग आला. त्याला मोठी आच सोसत नव्हती. त्यात भाजी परतली जात नसे, नुसती पाणी सोडून मऊ पडे. तीन वर्षे बारकीने ती मऊ भाजी खाल्ली. शेजारी बसून आजीच्या ताटातली फरसबी कुरकुर वाजताना ऐकली. मला ती काळू म्हणे. एकदा तिने विचारले, "आजी, काळू माझ्यावर रागावलीय का?"

"नाही गं सोने. काळूला तुझी काळजी वाटते."

मला काळजी वाटत नव्हती, मित्रांनो. मला नुसते वाईट वाटत होते की ही पोर त्या लाल डबड्यात जेवते.

मग ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत दुसरी आली. शनिवारी सकाळी लेक तिला सोडायला आली तेव्हा बारकी दारातच सँडल काढता काढता म्हणाली, "आजी, मला बक्षीस म्हणून काळूतलं दे. कोळंबी नको, नुसती भाजी."

बाईने लेकीकडे पाहिले. लेक कपाळाला आठ्या घालून उभी राहिली.

"आई, नको."

"अगं, नुसती भाजी परतून देते. चांगली घासून घेते आधी."

"साबणाने घासशील? ती तुझी मिठाची पुसापुशी नको."

"साबणाने घासते. तीनदा घासते. आता झालं समाधान?"

"तीनदा," लेक म्हणाली, आणि कामाला गेली.

बाईने शब्द पाळला, हे मी कुठेही सांगेन. तिने नवी घासणी काढली. साबणाचा फेस माझ्या अंगाला पहिल्यांदा लागला तेव्हा माझा संताप संताप झाला. तीस वर्षांची माझी काळी साय ती खरवडत होती. एकदा, दोनदा, तीनदा. कढत पाण्याने मला खळाळून धुतले. पाट वेगळा, सुरी वेगळी, पळी नवी, तेलाची बाटली नवी फोडलेली. स्वतःचे हात तिने कोपरापर्यंत धुतले. मग मला आचेवर ठेवून सुकवले. मी राखाडी, उघडी पडले होते.

आणि तिचा हात ओट्याच्या कोपऱ्यात गेला.

तिने काही विचार केला नाही. तीस वर्षे तो हात तसाच जात होता. सुक्या लोखंडाला तेल. चिंधी उचलली, एकदा गोल फिरवली, परत वाटीत ठेवली. तेव्हाच ती बारकीला सांगत होती की, शर्यतीत मागे वळून बघायचं नसतं, बघितलंस म्हणून दुसरी आलीस. मला त्या चिंधीतले सगळे कळले. काल संध्याकाळची कोळंबी तिच्यात होती, परवाची होती. पण खरे सांगते, त्या क्षणी मला फक्त बरे वाटले. उघड्या अंगावर पांघरूण आल्यासारखे वाटले. मला तोंड नाही हे खरे. तोंड असते तरी मी बोलले असते की नाही, याची मला खात्री नाही.

भाजी झकास झाली. मोठ्या आचेवर, चार मिनिटांत. बारकीने दोनदा वाढून घेतली. "आजी, ऐक, कुरकुर वाजतंय!" असे म्हणून तिने आजीच्या कानाशी तोंड नेऊन फरसबी चावली. आजी हसली. मग बारकीने गळा खाजवला.

"आजी, घशात केस अडकलाय."

बाईने पाणी दिले. पाणी बाहेर आले. बाईने डॉक्टरांनी देऊन ठेवलेल्या गोळ्या डब्यातून काढल्या, तोवर पोरीचे ओठ जाड झाले होते आणि ती श्वास ओढताना शीळ वाजल्यासारखा आवाज येत होता. बाई तिला उचलून जिन्याने ओरडत खाली धावली. खालच्या शिंप्याने स्कूटर काढली एवढे मला ऐकू आले. दार उघडेच राहिले. माझ्या बुडाशी फरसबीचे तीन तुकडे होते. त्या दिवशी मला कोणी पुसले नाही.

बाई परत आली ती दुसऱ्या दिवशी दुपारी, लेक आणि जावयाबरोबर. बारकीचे सँडल दाराशी तसेच होते, कारण तिला अनवाणीच उचलून नेले होते. लेकीने ते पाहिले आणि तिथेच खाली बसली. बारकी दवाखान्याच्या दारापर्यंतही जिवंत पोचली नव्हती.

लोक आले, बसले, गेले. ओट्याजवळ उभ्या राहून दोघी-तिघी कुजबुजल्या, कढई नीट घासली नसेल. लेकीने ते ऐकले आणि सगळ्यांसमोर विचारले, "आई, तू घासली होतीस ना?"

"तीनदा घासली गं."

"मग तिला बोलू नका," लेक म्हणाली. डॉक्टरांनाही नेमके काय झाले ते सांगता आले नाही. कधी कधी कशाने होते ते कळत नाही, असे ते म्हणाले. लेक रोज संध्याकाळी येऊ लागली. दोघी एकमेकींशेजारी बसत. लेकीला आता आईशिवाय कोणी नव्हते, कारण जावई घरात तोंड उघडेनासा झाला होता. आणि आईला तर लेकीशिवाय कोणी नव्हतेच.

तीन आठवडे बाईने चूल नीट पेटवली नाही. मग एका सकाळी तिने मला घासायला घेतले. साबणानेच. धुतले, आचेवर सुकवले आणि तिचा हात कोपऱ्यातल्या वाटीकडे गेला. चिंधी उचलली, माझ्यापर्यंत आणली आणि हात हवेतच थांबला. तिने चिंधी नाकाशी नेली. मी तापत होते, धुरावत होते, पण तिला भान नव्हते. ती ओट्याला टेकून खाली बसली आणि तिने पदर तोंडात कोंबला.

मित्रांनो, हे जगात कोणाला कधीच कळले नसते. चिंधी कचऱ्यात टाकली असती की संपले. संध्याकाळी लेक येईपर्यंत बाई ती वाटी मांडीवर घेऊन बसून होती. तिने एकदा उठून कचऱ्याच्या डब्याचे झाकण उघडले आणि पुन्हा लावले.

लेक आली. चप्पल काढून आत येत म्हणाली, "अंधारात काय बसलीस?"

बाईने वाटी पुढे केली.

"हे काय? माझा फ्रॉक ना हा?"

"घासली मी तीनदा. देवाशपथ घासली. सुकवली, आणि हात गेला गं माझा. सवयीने हात गेला."

लेकीला कळायला थोडा वेळ लागला. तिने चिंधी उचलली, वास घेतला आणि परत वाटीत ठेवली.

"तू सांगितलं नसतंस तर मी येत राहिले असते," ती म्हणाली.

"माहीत होतं मला."

"मग कशाला सांगितलंस, आई?"

बाईने वाटी पुन्हा मांडीवर घेतली. लेक दाराशी गेली, बारकीचे सँडल उचलले आणि जिना उतरून गेली. त्याला आता दीड वर्ष झाले. दोन गल्ल्यांचे अंतर आहे.

बाई आता लाल पॅनमध्ये स्वतःपुरती भाजी करते. ती मऊ पडते, पाणी सोडते, आणि ती तशीच खाते. मला तिने गॅलरीत आणून ठेवले. भंगारवाला खाली ओरडतो तेव्हा ती मला उचलते, जिन्यापर्यंत नेते आणि परत आणून ठेवते. माझ्या पाठीवर आधी तांबूस ठिपके आले, मग कान खरखरीत झाले. आता आतूनही पापुद्रे सुटतात.

माझी विनंती छोटीशी आहे. तुमच्या वर्गात, तुमच्या मजल्यावर असे एखादे मूल असेल, ज्याला एखादी गोष्ट चालत नाही. मोठी माणसे त्याच्यासाठी भांडे वेगळे ठेवतील, सुरी वेगळी ठेवतील. तुम्ही फडके बघा, चिंधी बघा, ज्याच्याकडे हात न बघता जातो ते बघा, आणि मोठ्यांना विचारायला लाजू नका. ते रागावले तरी विचारा.

आणि कधी या गॅलरीत आलात आणि माझी दया आली, तर मला उन्हात ठेवा, पालथी घाला, हवी तर भंगारात द्या. तेल मात्र लावू नका.