वजा केलेलं आकाश

आई थंडीपुरती पुण्याहून आमच्याकडे कोलकात्यात, बेहालाला आली आणि आठवड्याभरात तिचं डोकं दुखायला लागलं. मी वैतागले. "अगं, माझंही दुखतं, अजेयचंही दुखतं. इथली हिवाळ्यातली हवाच तशी." सगळ्यांचंच दुखतंय म्हणजे कुणालाच काही झालेलं नाही, असा माझा हिशेब.

माझा धंदाच वजाबाकीचा. फार पूर्वी फुटलेल्या एका ताऱ्याच्या अवशेषाशेजारी वायूचा ढग आहे. स्फोटाचा धक्का त्याला लागलाय का, हे ढगातल्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेडिओ लहरींवरून कळतं. दुर्बीण आधी ढगावर रोखायची, मग शेजारच्या रिकाम्या आकाशावर, आणि दुसरं पहिल्यातून वजा करायचं. माझ्याकडे जवळजवळ काहीच उरलं नाही. धक्का लागलेला नाही, असं मी ठासून लिहूनही टाकलं.

आज निघताना आई म्हणाली, "कामं आटोपली की न्हाते गं. केस धुवायचेत."

"न्हा सावकाश. सिलिंडर तेवढा संपवू नकोस!"

बाथरूममधला गॅसचा गिझर अजेयने बदलीच्या सामानातून आणलेला. सासूबाईंना वारा लागू नये म्हणून बाथरूमची खिडकीही त्याने चिकटपट्टीने बंद केली होती. जावई असावा तर असा, असं आई सगळ्यांना सांगते.

ऑफिसात आमचे वरिष्ठ शंतनुदा माझा आलेख बघून म्हणाले, "आभा, वो खाली जगह सच में खाली है? देखा था?"

पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. तिथेही तोच वायू होता. भरलेल्यातून भरलेलं वजा करत बसले होते मी. ढगाला धक्का कधीच लागला होता.

शंतनुदा हसले. मला हसू येईना. डोकं दुखणारे आम्ही तिघंही त्याच घरात राहत होतो. ऑफिसात आल्यावर माझं डोकं दुखणं रोज थांबायचं, ते मी चहाच्या खात्यावर टाकलं होतं. कोंडलेल्या जागेत गॅस जळला की हाच कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, जीवघेणा, ना रंग, ना वास. मी घरी फोन लावला.

आईचा फोन वाजून वाजून थांबला. शेजारच्या अनुराधादींकडे आमची किल्ली असते. मी त्यांना फोन केला, तो कानाशी धरूनच त्या आत गेल्या.

"बाथरूम अंदर से बंद है. पानी गिर रहा है. मासिमा! ओ मासिमा!" मग हळूच, "बोल नहीं रहीं."

"दार तोडा!" मी मराठीतच ओरडले. त्यांना कळलं. दारावरचे धक्के मला ऐकू येत होते, आणि त्यांच्यामागे गिझरची घरघर, चालूच.