गुरुवारी हलकी होणारी पेटी

चिंचवडच्या कामगार वसाहतीत पेटीबाबाच्या मंडपात मुंगी शिरायला जागा नव्हती. पाटावर लोखंडी बुडाची छोटी पेटी. पुण्यवानाने धरली की फुलासारखी उठे, पाप्याने धरली की जागची हलत नसे. अंबूबाईच्या सुनेकडून, केसरकडून, ती हलली नाही.

"कंपनीत जाते ना ही, परक्या गड्यांत?" बाबा डोळे मिटून म्हणाला. "पेटीला सगळं कळतं, माउली."

घरी येताच केसरच्या नवऱ्याने, सोनबाने, तिची ट्रंक उंबऱ्याबाहेर ठेवली. अंबूबाई लेकाला म्हणाली, "पेटीचं ऐकून बाईल टाकतोस? गुरुवारपर्यंत थांब."

कारण मंडपातून परतताना शेजारची आंधळी झुलेखा कानाशी बोलली होती, "मावशी, पेटी जड झाली तेव्हा पाटाखालून भुणभुण आली. त्या विज्ञान दालनातलीच."

कंपनीचं ते दालन साहेबलोकांच्या सोयीने रविवारीच उघडे. कामगारांची सुटी गुरुवारी. पाट्या इंग्रजीत, सगळीकडे दोरखंड. महिन्यापूर्वी झुलेखाने दोरावरून हात घातला, तर तार गुंडाळलेल्या लोखंडाने भुणभुणत तिचा किल्ल्यांचा जुडगाच ओढून घेतला. रखवालदार खेकसला, हे तुमच्यासाठी नाही. "मग कुणासाठी? ज्यांना आधीच कळतं त्यांच्यासाठी?" असं विचारल्यावर अंबूबाईलाही बाहेर काढलं होतं.

झुलेखाच्या बोलण्यावरून अंबूबाईला वाटेतच दुसरी गोष्ट उमगली होती. गुरुवार म्हणजे गुरूचा वार. जगातले बाबा त्या दिवशी दरबार भरवतात. हा मात्र मौन धरून दाराला कडी लावायचा. आणि गुरुवारीच कारखान्यांच्या सुटीमुळे वसाहतीची वीज दिवसभर बंद असायची.

गुरुवारी अख्खी वसाहत मागे घेऊन तिने कडी वाजवली. बाबाने दार उघडून ओठांवर बोट ठेवलं.

"तुम्ही बोलू नका, महाराज. पेटी बोलेल."

केसरने एका हाताने पेटी उचलली. तेव्हा बाबाला वाचा फुटली: देवाने पाप माफ केलं.

"लाईट गेल्यावरच माफ करतो व्हय रं तुझा देव?" अंबूबाई कडाडली.

झुलेखाच्या भावाने, गॅरेजवाल्या चांदभाईने, पाट उलटला. खाली लोखंडाला गुंडाळलेलं तारेचं वेटोळं, त्यातून बाबाच्या आसनाखालच्या बटणापर्यंत वायर. संध्याकाळी वीज आली तशी त्याने बटण दाबलं आणि बाबालाच पेटी उचलायला लावली. बाबा घामाने भिजला, पेटी हलली नाही.

सोनबा मान खाली घालून आला. केसर म्हणाली, "ट्रंक तुम्हीच बाहेर ठेवलीत, तुम्हीच आत न्या."

रविवारी अंबूबाईने पेटी आणि वेटोळं दालनाच्या साहेबापुढे आदळलं. हे आत मांडा, दोर न लावता. मराठीत पाटी लिहा. गुरुवारी दार उघडा. वीज नसली तर चांदभाई बॅटरी देईल. ज्यांना दिसत नाही त्यांना हात लावू द्या. साहेब पुटपुटला, यंत्रं बिघडतील.

"यंत्र बिघडलं तर दुरुस्त करू. दाराबाहेर ठेवलेली माणसं बाबाच्या मंडपात जातात, ती कोण दुरुस्त करणार?"

ती पेटी आज दालनात आहे, पोरंबाळं हात लावून पाहतात. तुमच्याही गावात एखादी पेटी उचलली जात नसेल, तर आपलं पाप शोधत बसू नका. आधी पाटाखाली हात घाला.