सायकल स्टँडमधले गणपती

पेणच्या बाजारातला सायकल स्टँड माझ्या चपला झिजवून उभा राहिलाय, हे आधीच सांगते. दोन वर्षं मी सह्या गोळा करत फिरले. गडबहून, धरमतरहून सायकलने कामाला येणारी माणसं, भाजीवाल्या, मिठागरातले लोक, सगळ्यांच्या दारात गेले. तेव्हा कुठे डोक्यावर पत्रा आणि चाक अडकवायला लोखंडी दांडे आले.

चैत्रात स्टँड झाला. आषाढात तिथे गणपती येऊन बसले.

गणपती माझ्याच शेठचे, माधवशेठचे. मी त्यांच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखते. हंगामात काम आठपर्यंत चालतं आणि गडबची शेवटची एसटी सातला सुटते. सायकल नाही तर काम नाही, इतकं सरळ आहे. पाऊस लागला, कारखान्यात जागा पुरेना, म्हणून शेठनी रंग दिलेल्या मूर्ती फळ्या टाकून स्टँडमध्ये वाळत ठेवल्या. स्टँडसमोरच्या स्वतःच्या घरापुढच्या पत्र्याखाली मात्र त्यांची मोटार ऐटीत कोरडी उभी.

"शेठ, सायकली कुठं लावायच्या?" मी विचारलं.

"अगं, देव आहेत ते. देवाला कुणी हलवतं का?"

देवाचं नाव काढलं की आमची तोंडं बंद होतात, हे शेठना पक्कं ठाऊक. माझं डोकं फिरलं होतं, तरी मीही मुकाट्याने गटाराकडेला सायकल लावली. चौथ्या दिवशी, मूर्ती न्यायला रोज संध्याकाळी येणारा ट्रक मागे येताना तिच्यावरून गेला. पुढच्या चाकाची पार जिलेबी झाली. शेठ म्हणाले, "रस्त्यात कशाला लावलीस?"

त्या रात्री काम सुटल्यावर मोडकी सायकल ओढत मी भर पावसात गडबला चालत गेले. वाटभर रडले, ते दुःखाने नाही, संतापाने.

सकाळच्या एसटीने परत आले आणि थेट स्टँडमध्ये शिरून पहिली मूर्ती उचलली.

"सगुणे, हात नको लावू गो!" रंगकाम करणारा पोपट ओरडला. "देव हाय तो!"

"डोळे कुठं हायत त्याला? डोळे मी आखते ना? मी आखले नाय तवर ही माती हाय. धर दुसरी."

पोपटची सायकलही गटाराकडेलाच होती. त्याने दुसरी उचलली. भाजीवाली ठमाबाई आली, मिठागरातले दोघं आले. शेठ मोटार घेऊन अलिबागला गेले होते, त्यांचा पत्रा रिकामाच होता. तीस मूर्ती तिथे ओळीने मांडल्या. मग मी बारीक ब्रश काढला आणि मांडी घालून आखायला बसले.

पाचला शेठ आले. खूप वेळ हॉर्न वाजवला, मग काच खाली करून ओरडले, "कुणी ठेवलं हे इथे? उचला आधी!"

मी शेवटच्या मूर्तीचा डावा डोळा पुरा केला आणि ब्रश पुसला.

"आता डोळे उघडलेत, शेठ. देव हायत ते. देवाला कुणी हलवतं का?"

पोपट, ठमाबाई, कुणीही जागचं हललं नाही. शेठनी निमूट मोटार गटाराकडेला लावली, माझी सायकल होती तिथेच. ट्रक यायची वेळ झाली होती.