फिक्या रंगाचं सार

हिदेनोरीने कित्येक वर्षं उत्तर जपानमधल्या अकिता शहरात बस चालवली. निवृत्त झाल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्याने बायकोला जाहीर करून टाकलं, "या वर्षी छपरावरचा बर्फ मी काढणार नाही. पुतण्याला सांगून ठेवलंय. आपण दोघं फिरायला जायचं. कानाझावा, क्योतो, ओसाका. खायचं, बघायचं आणि झोपायचं."

चिकाको भांडी विसळत होती. ती नुसतं "बरं" म्हणाली, पण ओसाकाचं नाव ऐकल्यावर हातातला वाडगा तिने परत एकदा विसळला. ती मूळची ओसाकाची. तोक्योत नोकरी करताना दोघांची गाठ पडली, लग्न झालं आणि घरातला थोरला म्हणून हिदेनोरी तिला घेऊन अकिताला परतला. पुढे तिचे आईवडील गेले, माहेरचं घर विकलं गेलं आणि तिकडे जाणं सुटलं ते सुटलंच.

कानाझावात हिदेनोरी भलताच खुशीत होता. बागेतल्या पाइनच्या फांद्या बर्फाच्या भाराने मोडू नयेत म्हणून त्यांना छत्रीच्या काड्यांसारखे दोर बांधले होते. ते बघून तो म्हणाला, "एवढ्याशा बर्फाला एवढा थाट? आमच्याकडे एवढा तर टोपीवर साठतो!" मग बाजारात जाऊन दोघांनी अंड्यांनी भरलेले छोटे खेकडे खाल्ले. बोलणं बंद, फक्त कवच फोडल्याचा आवाज. शेवटी चिकाकोने त्याच्या हनुवटीला चिकटलेला खेकड्याचा पाय काढून दाखवला, तेव्हा शेजारच्या टेबलावरची माणसंसुद्धा हसली.

क्योतोला देवळांच्या लाकडी फरशीवरून मोजे घालून चालताना त्याचे पाय बर्फ झाले. म्हणून दोघं एका छोट्या खानावळीत शिरली. समोर आलं गोडसर पांढऱ्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं सूप आणि त्यात तांदळाचा गोल, मऊ मोची. हिदेनोरीने एक घोट घेतला.

"हे आधी का आणलं? गोड पदार्थ शेवटी असतो ना?"

"हळू बोला हो," चिकाको म्हणाली. पण ती स्वतः डोळे मिटून खात होती, आणि वाढणारीशी बोलताना तिचे हेल बदलले होते. शब्द माहेरच्यासारखे लांबवत, शेवटी किंचित उचलून. हिदेनोरीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात भाजलेला टोफू आला आणि तो विचार तिथेच राहिला.

घोडं अडलं ते ओसाकात.

चिकाकोने स्टेशनवरून त्याला थेट एका गल्लीतल्या उदोनच्या दुकानात नेलं. जाडजूड शेवया, वर गोडसर तळलेल्या टोफूचा चौकोन आणि भोवती सोनेरी, पारदर्शक सार. वाडग्याचा तळ दिसत होता.

"यात रंग घालायला विसरलेत वाटतं," असं म्हणत हिदेनोरीने चव न घेताच सोया सॉसची बाटली उचलली आणि भळभळ ओतली.

गल्ल्यामागची म्हातारी मालकीण ओरडली, "अहो दादा! माझ्या साराला आंघोळ घालताय की काय? आधी चव तरी घ्यायचीत!"

"आमच्याकडे असंच खातात, आजी. चिकाको, सांग की यांना."

चिकाकोने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी हेच सार केलं होतं," ती म्हणाली. "माझ्या आईने शिकवलं तसं. तुम्ही बघितलंत आणि बाटली उचललीत. मग मामंजींनी. मग सासूबाईंनी. कोणी वाईट बोललं नाही. पण मी ते परत कधी केलं नाही."

"मला आठवत नाही गं."

"कसं आठवेल? तुम्ही नुसती बाटली तर उचलली होतीत."

"मग तेव्हाच बोलायचंस ना! एवढ्याशा सारावरून इतकी वर्षं मनात..."

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती कोट घेऊन बाहेर पडली. हिदेनोरी काळ्याभोर वाडग्यासमोर बसून राहिला. मालकिणीने त्याच्याकडे न बघता बाटली उचलून आत नेली.

तो बाहेर आला तेव्हा चिकाको कुठेच दिसेना. घाबरून गल्लीच्या टोकापर्यंत गेला, तेव्हा ऑक्टोपसचे गरमगरम गोळे विकणाऱ्या गाडीपाशी ती सापडली. गाडीवाल्या बाईशी तिच्या गप्पा रंगल्या होत्या. हिदेनोरी पाठीमागे थांबला.

"...आमच्या ह्यांचं काय सांगू बाई! उद्या देवाने अमृत दिलं ना, तर हे म्हणतील, जरा सोया सॉस आहे का हो?"

गाडीवाली पोट धरून हसली. चिकाकोही हसली, मान मागे टाकून, मोठ्याने. हात तर असे नाचवत होती की शेजारून जाणाऱ्याला लागतील. आपली शांत, मोजकं बोलणारी बायको! या बाईला आपण कधी भेटलोच नाही, असं हिदेनोरीला वाटलं. आणि तरी त्याला हसू आलं.

"अमृत फिकं असलं तर मागावाच लागेल," तो मागून म्हणाला.

चिकाको दचकली. मग तिने काडीला टोचलेला एक गोळा त्याच्यापुढे धरला. त्याने तो सबंध तोंडात टाकला आणि चटक्याने जागच्या जागी नाचायला लागला.

"फुंकून खायचं असतं, वेड्यासारखं काय करता!" ती म्हणाली. अगदी त्याच हेलांत.

"अशीच बोलत जा," तो जीभ बाहेर काढून म्हणाला. "घरीसुद्धा."

"तुमच्या अकितात कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल. नाही कळलं तर विचारेन."

दुसऱ्या दिवशी चिकाकोला किल्ला बघायचा होता. हिदेनोरी म्हणाला, "किल्ला कुठे पळून जातोय? आधी उदोन." मालकिणीने त्याला दारात बघताच टेबलावरची बाटली काखोटीला मारली. तो मुकाट बसला. पहिल्या घोटाला त्याला गरम पाण्यापलीकडे काही लागलं नाही, आणि त्याने तसं खरं सांगूनही टाकलं. चिकाको रागावली नाही. "घाई करू नका, आधी वास घ्या," म्हणाली. पुढच्या घोटाला मागून कुठूनतरी समुद्रासारखं काही आलं. मग वाळवलेल्या माशाचा धुरकट वास. शेवया संपल्या, टोफू संपला, तरी तो वाडगा तोंडाला लावून बसला होता.

"आवडलं?" तिने विचारलं.

"अर्धंअधिक कळलं. उरलेलं घरी कळेल, तू केलंस की."

ती नाक पुसत म्हणाली, "त्याला चांगला कोम्बू लागतो. तसा अकितात मिळत नाही."

दोघं बाजारात गेली. कोम्बूच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, आकाराने फळीएवढ्या पट्ट्या बघताना चिकाको दुकानदाराशी घासाघीस करत होती आणि हिदेनोरी दोन्ही हात पुढे करून उभा होता. हातांवर एकावर एक जुड्या चढत गेल्या. त्याला पलीकडचं दिसेना.

"अगं, बस झालं! किल्ल्यावर हे घेऊन चढायचंय का?"

"तुम्हाला चढायचंय," चिकाको म्हणाली आणि आणखी एक जुडी वर ठेवली.