पांढराशुभ्र गीझर

"काजळी दिसली तर पुसत बसू नका, आधी मला बोलवा," गॅसचा गीझर बसवून जाताना मिस्त्रीने बजावलं होतं. तिने "हो हो" केलं आणि त्याच्या पाठीमागे दार लावून घेतलं. काजळी काय जपून ठेवायचा दागिना आहे?

त्यातून काळ्या डागांशी दोन हात करायचं तिला भारी वेड. दोन वर्षांच्या लेकीने तोंडात बोट घातलं तरी तिच्या काळजाचा ठोका चुकायचा, त्यामुळे घर कसं आरशासारखं हवं. गेले तीन आठवडे बाथरूममधल्या गीझरच्या पांढऱ्या पत्र्यावर वरच्या अंगाला काळसर पट्टा उमटायचा आणि ती सोडा-लिंबाचा लेप लावून तो दर दोन दिवसांनी नाहीसा करायची.

आज रविवारी सकाळी तिने मोर्चा शेगडीकडे वळवला. बर्नर रात्रभर भिजवले होते, जुन्या टूथब्रशने घासून झाले होते. आता टाचणीने एकेक छिद्र मोकळं करणं चाललं होतं.

सासूबाई खांद्यावर टॉवेल टाकून निघाल्या. "रसायनशास्त्राची पदवी घेतलीस ती यासाठीच का गं?"

"आई, बघा तरी! केवढा कोळसा निघाला!"

"बघते आंघोळ झाल्यावर. हल्ली आंघोळ केली की डोकं ठणकतं मेलं. चष्म्याचा नंबर वाढला वाटतं."

बाथरूमची कडी आतून लागली.

तिने बर्नर कोरडे करून बसवले, लायटर मारला. आणि काय सांगावं! महिनाभर पिवळी, लपलपणारी ज्योत आज निळीशार, ताठ उभी! घासलेला तवा वर ठेवून पाहिला. बुडाला डाग म्हणून नाही. तिने लेकीला उचलून गिरकीच घेतली. "चिमणे, बघ, आग पोटभर जेवली! हवा मिळाली ना तिला. उपाशी राहिली की काळं ओकते..."

ती गिरकीतच थांबली.

गीझरही काळं ओकत होता. आणि ती ते पुसून टाकत होती! म्हणजे त्यालाही हवा पुरत नव्हती. पुरेल कशी? लेकीला सर्दी होऊ नये म्हणून बाथरूमच्या झरोक्यात गेल्याच महिन्यात तिने स्वतःच्या हाताने उशीचा जुना अभ्रा कोंबला होता. अर्धवट जळणाऱ्या गॅसचा तो विषारी वायू, कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही. परीक्षेला तिने हे तोंडपाठ केलं होतं. डोकं ठणकतं म्हणे! कसला चष्मा नि कसला नंबर!

"आई! कडी काढा!"

आत पाण्याचा आवाज. मग जड जिभेने, "थांब गं... बसलेय जरा..."

"बसू नका! कडी काढा आधी!"



लेकीला तिच्या कठड्याच्या खाटेत ठेवलं, एका झेपेत शेगडी-गीझरचा सिलिंडर बंद केला आणि तिने दाराला खांदा मारला. एकदा, दोनदा. तिसऱ्या धडकेला कडी स्क्रूसकट उखडली. सासूबाई भिंतीला टेकून बसलेल्या, मान कललेली. एरवी पाण्याची बादली उचलताना कण्हणाऱ्या तिने त्यांना काखेत हात घालून ओढत थेट उघड्या गॅलरीत आणलं, अंगावर चादर टाकली आणि असा काही टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून धावत आली.

सासूबाईंनी डोळे किलकिले केले. "अगं, एवढी माणसं गोळा केलीस... आणि मला नेसवलीस चादर?"

ती रडता रडता खळखळून हसली. कुणीतरी गाडी काढली. दवाखान्यात प्राणवायू लावला. दुपारी सासूबाई मास्क बाजूला सारून नर्सकडे चहा मागायला लागल्या आणि नर्सचा ओरडाही खाल्ला. तिला मात्र तो ओरडा गाण्यासारखा गोड वाटला.

झरोका आता उघडा आहे, गीझर बाहेरच्या भिंतीवर गेला आहे. भेटेल त्याला ती गाठून विचारते, तसं तुम्हालाही विचारते आहे: तुमच्या बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे? मग आत्ता आत कोण आहे? वाचायचं राहू द्या. उठा, दारावर थाप मारा, आणि ओ मिळेपर्यंत तिथून हलू नका.