आयलसीची एकतीस पत्रं

टिआनाने कागदाची घडी उलगडली, दोन ओळी वाचल्या आणि कागद टेबलावर पालथा ठेवला. मग हाताला काही लागलेलं नसतानाही तिने दोन्ही हात ॲप्रनला पुसले.

"मी नाही वाचणार हे."

"का? आईचंच अक्षर आहे ना?" लिऑनिडसने विचारलं.

"आईचंच आहे, म्हणून तर." ती चुलीकडे वळली. मक्याच्या पानांत गुंडाळलेल्या घेवड्याच्या भाकरी उकळत होत्या. "मामाकडे घेऊन जा. आणि दादा, जेवायच्या टेबलावर पुन्हा काढू नकोस ती."

लिऑनिडस पेटिटने कागद उचलून बाकीच्यांवर ठेवला. एकूण एकतीस होते. सत्तावीस वर्षं ते फिलाडेल्फियाला त्याच्याकडे येत राहिले, वडिलांच्या पाकिटातून; वडील गेल्यावरचा शेवटचा तेवढा टिआनाच्या नवऱ्याने पाठवला होता. वडील दुकानदार होते आणि इंग्रजीत लिहीत. मिठाचा भाव, कातड्यांच्या गाड्या, गिरणीचा तुटलेला पट्टा, आणि अखेरीस एक ओळ: तुझ्या आईचं सोबत आहे. आईचा कागद तिच्या चेरोकी जमातीच्या लिपीत असे. वडिलांना ती वाचता येत नव्हती.

लिऑनिडसलाही येत नव्हती, हे मात्र घरी कुणाला ठाऊक नव्हतं. बारा वर्षांचा असताना तो पूर्वेकडच्या शाळेत गेला. त्याआधी आईने फळीवर कोळशाने ती अक्षरं त्याच्याकडून घोटून घेतली होती. शाळेच्या दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत ती पुसली गेली. पहिल्या वर्षी सांगायची लाज वाटली आणि नंतर सांगायची वेळ निघून गेली. उत्तरात तो वडिलांना कातड्यांचे दर कळवी आणि खाली लिही: आईचं पत्र पोचलं. आनंद झाला.

या वसंतात आई, आयलसी, गेली. तो पोचला तेव्हा तिच्या मातीवर गवत उगवलं होतं. त्याला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की तिने बोलावलं होतं का, आणि तो आला नाही म्हणून ती रागावली होती का.

कनूना मामा अंगणात बसून कुदळीचा दांडा तासत होता.

"या, फिलाडेल्फिया! ते बूट तिकडेच काढ. माझ्या कोंबड्या अंडी घालायच्या बंद होतील."

"मामा, आईची पत्रं आहेत."

"तुझं चेरोकी ऐकलं की वाटतं, तोंडात गरम बटाटा धरून बोलतोयस." असं म्हणत त्याने हात पुढे केला.

पहिला कागद त्याने नुसते ओठ हलवून वाचला. दुसराही तसाच. तिसऱ्यानंतर त्याने ओठसुद्धा मिटून घेतले आणि पुढचे कागद भराभर उलटले. शेवटचा तेवढा बाजूला ठेवला.

"ही पत्रं नाहीत."

"मग काय आहे?"

"तुझं घरचं नाव आहे, सलोली. तुझं कूळ आहे, हरणाचं, म्हणजे तिचंच. आणि त्यापुढे शब्द आहेत. एकटेपणा लावायचे." तो दांड्यावरून अंगठा फिरवत राहिला. "माणूस लांब गेला की म्हणतात ते. त्याला जेवण गोड लागू नये. चार माणसांत करमू नये. झोपेतून उठून त्याने घराच्या दिशेला बघत बसावं. मग तो येतो."

"आणि नाही आला तर?"

"माझ्या बहिणीचं चुकलं," मामा म्हणाला. "हे तोंडाने म्हणायचं असतं. लिहायचं ते फक्त आपल्या वहीत, विसरू नये म्हणून. असं कुणी पाठवत नाही. तिला वाटलं असेल, एवढ्या लांब आवाज जाणार नाही, टपाल जाईल. पण म्हटलेलं विरून तरी जातं रे. कागदावरचं कसं विरणार? कुठे ठेवायचास?"

"उशाशी. पत्र्याच्या डब्यात."

मामाने मान खाली घातली.

लिऑनिडसला हॅरिएट आठवली. दोन वर्षं ती त्याची बायको म्हणून राहिली आणि माहेरी निघून गेली. भांडण असं झालंच नव्हतं. जाताना ती एवढंच म्हणाली होती, की तू जेवताना नेहमी पश्चिमेच्या भिंतीकडे तोंड करून बसतोस, आणि तिथे खिडकीसुद्धा नाही.

"हे शेवटचं वेगळं आहे," मामा म्हणाला, आणि ते त्याने मोठ्याने वाचलं.

'सलोली, तुझे वडील गेले. लढाईत घर जळलं, ते पुन्हा बांधलं. आता मी थकले. तू तिकडे सुखात नाहीस हे मला माहीत आहे, कारण ते मीच केलं. खाली सोडवायचे शब्द दिले आहेत. ते माझ्या तोंडून चालत नाहीत. सकाळी पाण्यावर जा, पूर्वेकडे तोंड कर आणि चार वेळा वाच. मग तू मोकळा. मीही.'

"उत्तर-दक्षिणेची लढाई संपली त्या शरदातलं हे," लिऑनिडस म्हणाला. "सहा वर्षं झाली. मी उत्तर पाठवलं होतं."

"काय पाठवलंस?"

"पोचलं. आनंद झाला."

मामाने कुदळीचा दांडा खाली ठेवला.

"टिआनाच्या नवऱ्याने वाचून दाखवलं होतं ते. मी तिथेच होतो. त्या हिवाळ्यापासून तिने रस्त्याकडे बघायचं सोडलं. आम्हाला वाटलं, नजर गेली."

 लिऑनिडसने बाकीचे कागद गोळा करून त्यांच्या कडा जुळवल्या.

"उद्या उजाडायच्या आत ये," मामा म्हणाला. "मी सांगेन, तू माझ्यामागून म्हण. आणि काही खाऊन येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी पहाटे ओढ्याचं पाणी गार होतं. मामा काठावरच्या लांबट दगडावर बसला आणि लिऑनिडस अनवाणी पायांनी पाण्यात उभा राहिला. मामा एक ओळ म्हणे, तो तीच ओळ म्हणे. पहिल्या खेपेला त्याची जीभ दर ओळीला अडखळली. दुसऱ्या खेपेला कमी. तिसऱ्या वेळी मामा ओळ पुरी करायच्या आतच त्याच्या तोंडून शब्द निघू लागले, आणि त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज मोकळा झाला आहे, छातीतलं काहीतरी सैल होत चाललं आहे. शेवटच्या ओळीला तो जवळजवळ थांबलाच होता.

मामाने चौथ्यांदा सुरुवात केली.

लिऑनिडस गप्प राहिला.

मामाने पहिली ओळ पुन्हा म्हटली.

"घसा बसला का रे?"

"नाही."

"एकदाच राहिलंय."

"माहीत आहे, मामा. पण सुटलो, तर तिचं काय उरेल माझ्याकडे?"

पलीकडच्या झाडांमागे उजाडत होतं.  लिऑनिडस पाण्यातून बाहेर आला आणि मामाच्या शेजारी बसला. मामाने कागदाची घडी घालून त्याच्या हातात दिली. मग तो दगडावर थोडा आणखी सरकला, अजून एक माणूस बसू शकेल एवढा.